कामांच्या यादीचे ॲप: सोय किती, खासगीपणा किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कामांची यादी ठेवणारी ॲप्स वापरणाऱ्या गोव्यातील वाचकांकडून, म्हणजे गृहिणी, शिक्षक, देवस्थान समित्यांचे सचिव, घरगुती पाहुणेघरे चालवणारे आणि वेर्ण्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे अशा सर्वांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. कोणते ॲप सर्वांत चांगले, याचे उत्तर येथे मिळणार नाही, कारण तोच प्रश्न विचारणाऱ्या दोघांच्या याद्या बहुधा सारख्या नसतात. कोणत्या सोयीसाठी कोणती माहिती आपल्या हातून जाते, हे मात्र शक्य तितके स्पष्ट केले आहे.

१. माझ्या यादीत दूध आणणे, वीजबिल भरणे एवढेच असते. तिच्या गोपनीयतेची चिंता कशाला करायची?

एकेक नोंद सुटी पाहिली तर चिंतेचे कारण नसते. वर्षभराची यादी सलग वाचली की चित्र बदलते. "मामलेदार कार्यालय, मुंडकार प्रकरणाची तारीख", "बांबोळी, सकाळी ९, उपाशीपोटी", "पतसंस्थेकडे हप्त्याची मुदतवाढ मागणे" अशा तीनच नोंदींतून घराच्या हक्काचा वाद (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), प्रकृती (बांबोळीला सरकारी इस्पितळ आहे) आणि पैशांची ओढाताण या तिन्ही गोष्टी बाहेर पडतात. शिवाय फोटो किंवा संदेश घडून गेलेले सांगतात, तर यादी पुढे काय घडणार ते सांगते: घर कोणत्या दिवशी बंद असेल, पैसे घेऊन बँकेत कोण आणि कधी जाणार आहे. नोंदीच्या मजकुराबरोबर ती केव्हा लिहिली आणि केव्हा पूर्ण केली, हेही ॲप बहुधा साठवत असते.

तरीही दुधाची नोंद ही दुधाचीच नोंद आहे. सगळ्या यादीला एकच माप लावण्याची गरज नाही, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच गृहीतावर उभी आहेत.

२. ॲप फुकट असेल तर माहिती विकली जाते आणि पैसे भरले की ती सुरक्षित राहते, असे समजावे का?

असे सरसकट समजू नये. काही फुकट ॲप्स जाहिरातींवर चालतात, काहींचा खर्च पैसे भरणाऱ्या थोड्या ग्राहकांतून निघतो, काही मोठ्या कंपन्यांच्या इतर सेवांची जोड म्हणून दिली जातात आणि काही मुक्तस्रोत ॲप्स (ज्यांची संगणकीय संहिता कोणालाही पाहता येते अशी) स्वयंसेवक चालवतात. पैसे भरल्याने जाहिरातींचे कारण बहुधा संपते, पण कंपनीच्या सर्व्हरवर यादी वाचनीय स्वरूपात आहे की नाही, याचा वर्गणीशी संबंध नसतो (पाहा: प्रश्न ३). प्ले स्टोअरवर २०२२ पासून प्रत्येक ॲपखाली डेटा सुरक्षिततेचा विभाग दिसतो आणि ॲपलच्या स्टोअरवर डिसेंबर २०२० पासून तशीच माहिती असते. ती जरूर वाचावी, मात्र ती ॲप बनवणाऱ्याने स्वतःच भरलेली असते, हे लक्षात ठेवून वाचावी.

३. "तुमची माहिती एन्क्रिप्टेड आहे" असे ॲपवर लिहिले आहे. म्हणजे कंपनीतील कोणालाही माझी यादी वाचता येत नाही ना?

या एका वाक्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, फोनपासून सर्व्हरपर्यंतच्या प्रवासात मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असतो, त्यामुळे हॉटेलच्या वाय-फायवर बसलेल्या तिऱ्हाइताला तो वाचता येत नाही. दुसरी, सर्व्हरच्या डिस्कवर तो कूटबद्ध साठवला जातो, त्यामुळे डिस्क चोरीला गेली तरी मजकूर उघडा पडत नाही. या दोन्हींत किल्ली कंपनीकडेच असते. तिसरी म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, ज्यात किल्ली फक्त तुमच्या उपकरणांवर असते आणि कंपनीला मागूनही मजकूर देता येत नाही. टूडूइस्ट, मायक्रोसॉफ्ट टू डू आणि गुगल टास्क्स ही सर्वपरिचित ॲप्स पहिल्या दोन प्रकारांवर चालतात. ऑम्निफोकस या ॲपच्या सिंकमध्ये, म्हणजे उपकरणांमधील याद्या जुळवून ठेवण्याच्या सोयीत, तिसरा प्रकार आहे. ॲपलच्या रिमाइंडर्सला तो मिळतो, पण "ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन" हे सेटिंग स्वतः चालू केले तरच.

तिसरा प्रकार सर्वांनीच का देऊ नये, असा पुढचा प्रश्न लगेच येतो. सर्व्हरला मजकूर वाचता येत नसेल, तर सर्व्हरवरून शोध घेणे, सकाळी ई-मेलवर दिवसाची यादी पाठवणे, इतर सेवांशी जोडणे अशा गोष्टी अवघड किंवा अशक्य होतात, आणि पासवर्ड व पर्यायी किल्ली दोन्ही हरवल्या तर कंपनीला यादी परत मिळवून देता येत नाही. ज्यांच्या घरात पासवर्ड कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलेले असतात आणि जानेवारीत कॅलेंडर बदलते, त्यांनी या शेवटच्या मुद्द्याचा विचार आधी करावा.

४. आठवणी, नकाशा, दिनदर्शिका, आवाजी नोंद अशा सोयी हव्या असतील तर प्रत्येकीसाठी नेमके काय द्यावे लागते?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण सोय आणि खासगीपणा यांचा हिशेब अख्ख्या ॲपचा नसून एकेका सोयीचा असतो.

वेळेवर आठवण देण्यासाठी फक्त नोटिफिकेशनची परवानगी लागते. अँड्रॉइड १३ पासून ती वेगळी मागितली जाते आणि ती देण्यात माहितीचा धोका जवळपास नाही (कुलूपबंद पडद्यापुरता अपवाद प्रश्न ७ मध्ये आहे). ठिकाणावर पोहोचल्यावर आठवण हवी असेल, तर मात्र ॲप बंद असतानाही स्थान पाहण्याची, "सर्व वेळ" अशी परवानगी द्यावी लागते, आणि अंदाजे स्थान देऊन ही सोय नीट चालत नाही. येथे स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा: तेच काम वेळेच्या आठवणीने भागते का? म्हापशाच्या बाजारातून कुळथाचे पीठ आणि सोलां आणायची असतील, तर बाजार शुक्रवारचा असतो हे आपल्याला ठाऊकच आहे. शुक्रवारी सकाळी साडेआठची आठवण लावली की फोनने आपल्या मागे दिवसभर फिरण्याचे कारण उरत नाही. उलट, पणजी-फोंडा-मडगाव अशी रोज वेगळ्या क्रमाने फिरती करणाऱ्या औषधविक्रेत्याला ठिकाणावरची आठवण खरोखरच उपयोगी पडते, आणि त्याने ती डोळसपणे घ्यावी.

दिनदर्शिका जोडली की अँड्रॉइडवर ॲपला साधारणपणे फोनवरील सर्व दिनदर्शिका वाचता येतात. त्यात इतरांनी पाठवलेली निमंत्रणे आणि त्यांचे पत्तेही आले. आयफोनवर आयओएस १७ पासून फक्त नवा कार्यक्रम घालण्यापुरती परवानगी देता येते, आणि बहुतेकांचे काम तेवढ्यात होते. संपर्क वाचण्याची परवानगी बहुधा यादी कोणाला तरी पाठवताना नाव शोधून देण्यासाठी मागितली जाते. त्याऐवजी ई-मेल पत्ता हाताने लिहिला तरी चालते, आणि पाचशे लोकांचे क्रमांक देऊन पंधरा अक्षरांचे टंकलेखन वाचवणे हा सौदा आम्हाला कधीच पटलेला नाही. ई-मेल पुढे पाठवून काम तयार करण्याची सोय फार कामाची असली, तरी तिच्यात एका ओळीच्या कामासाठी संपूर्ण पत्र, क्वचित जोडलेल्या फाइलींसह, ॲपच्या सर्व्हरवर जाऊन बसते. आवाजी नोंदीत आवाज फोनवरच अक्षरांत उतरतो की सर्व्हरवर जातो, हे फोन, भाषा आणि ॲप यांनुसार बदलते. त्यामुळे नाजूक नोंद बोलून करण्याऐवजी लिहावी.

५. परवानग्या नाकारल्या तर ॲप चालायचे थांबेल का?

सहसा नाही. परवानगीशी बांधलेली तेवढी सोय बंद राहते आणि बाकीची यादी चालू राहते. स्थान किंवा संपर्क नाकारताच संपूर्ण ॲप अडून बसत असेल, तर ते ॲप काढून टाकण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

६. नोंद अशी कशी लिहावी, की ॲप काहीही असले तरी ती फारसे बोलणार नाही?

ॲप बदलण्याआधी नोंद बदलून पाहावी, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो, कारण या उपायाला पैसे पडत नाहीत आणि तो सर्व ॲप्सना लागू होतो. नोंदीचे काम तुम्हाला आठवण देणे हे आहे, सर्व हकिकत सांगणे हे नव्हे. "बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना दाखवणे" याऐवजी "बांबोळी, ११ वाजता, निळी फाइल नेणे" असे लिहिले तर तुम्हाला पूर्ण अर्थ कळतो आणि इतरांना फारसा कळत नाही. "धाकट्याचे कर्ज, दोन हप्ते थकले" याऐवजी "धाकट्याला रविवारी फोन" पुरते.

मात्र याचा अतिरेक उपयोगाच्या मुळावर येतो. "ती गोष्ट, त्या माणसाकडे" अशी नोंद तीन आठवड्यांनी उघडली की स्वतःलाच बोध होत नाही, आणि विसरलेले काम ही देखील हानीच आहे. म्हणून काय करायचे, कुठे आणि केव्हा हे स्पष्ट ठेवावे. का, कोणाच्या आजारासाठी आणि किती रुपयांसाठी हे गाळावे. पासवर्ड, पिन, ओटीपी, आधार क्रमांक आणि खाते क्रमांक यादीत कोणत्याही स्वरूपात लिहू नयेत. त्यांच्यासाठी पासवर्ड व्यवस्थापक वेगळे असतात.

७. सर्व्हरचे राहू द्या, घरातल्यांनाच माझी यादी दिसते. त्यावर काय करावे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे आम्हाला कौतुक वाटते, कारण व्यवहारात यादी फुटते ती बहुधा टेबलावर उताण्या ठेवलेल्या फोनवरून. फोनच्या सेटिंगमध्ये कुलूपबंद पडद्यावर संवेदनशील मजकूर न दाखवण्याचा पर्याय असतो. तो लावला की आठवण आल्याचे कळते, पण कशाची ते कुलूप उघडल्यावरच. पडद्यावर यादीचे विजेट (ॲप न उघडता यादी दाखवणारी चौकट) ठेवले असेल तर त्यात फक्त एखादी निरुपद्रवी यादी निवडावी. गाडीच्या पडद्याला किंवा मनगटावरच्या घड्याळाला फोन जोडलेला असेल, तर तेथील सेटिंगही वेगळे तपासावे.

८. खाते न उघडता, फक्त फोनवर राहणारी यादी ठेवणे व्यवहार्य आहे का?

एकच फोन वापरणाऱ्या आणि यादी कोणाशीही न वाटणाऱ्या माणसासाठी पूर्णपणे व्यवहार्य आहे. अँड्रॉइडवरील टास्क्स डॉट ऑर्ग हे मुक्तस्रोत ॲप खात्याशिवाय चालते, आणि सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावांत नेटवर्क नसतानाही त्याला फरक पडत नाही. जाते ती दोन उपकरणांवर एकच यादी दिसण्याची सोय, आणि फोन हरवल्यास किंवा पावसाळ्यात भिजल्यास यादी परत मिळण्याची हमी. म्हणून महिन्यातून एकदा यादीची फाइल काढून संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी. फोनचा स्वयंचलित बॅकअप चालू असेल, तर "फक्त फोनवर" असलेली यादीही त्या बॅकअपमधून क्लाउडवर जाऊ शकते. कोणती ॲप्स त्यात जातात हे तेवढे पाहून घ्यावे.

यातला मधला मार्ग म्हणजे कॅलडॅव्ह या खुल्या पद्धतीने स्वतःच्या किंवा विश्वासातील सर्व्हरशी, उदाहरणार्थ नेक्स्टक्लाउडशी, यादी जोडणे. घरात कोणी संगणकाचे जाणकार असेल तरच याच्या वाटेला जावे. सहा महिने अद्ययावत न केलेला घरचा सर्व्हर हा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरपेक्षा सुरक्षित असतो असे मानण्यास आधार नाही.

९. पती जहाजावर नोकरीला आहेत आणि आमची एकच सामायिक यादी आहे. ती आता सासर-माहेरच्या माणसांनाही द्यावी लागते. कोणाला काय दिसते?

सामायिक यादीतील प्रत्येकाला साधारणपणे त्या यादीतील सर्व नोंदी दिसतात, आणि अनेक ॲप्समध्ये जुन्या पूर्ण झालेल्या नोंदी, टिप्पण्या आणि कोणी काय केले हेही दिसते. एखादी नोंद सदस्यांपैकी एकट्यापासून लपवण्याची सोय क्वचितच असते. म्हणून यादी माणसांप्रमाणे न करता प्रयोजनाप्रमाणे करावी: चवथीची माटोळी आणि बाजार ही एक यादी सगळ्यांना, घरपट्टी, बँक आणि दुरुस्ती ही दुसरी फक्त तुम्हा दोघांना, आणि स्वतःची तिसरी कोणालाच नाही. "घर दहा दिवस बंद, चावी शेजाऱ्यांकडे" ही नोंद कोणत्या यादीत पडते, हे एकदा जाऊन पाहावे.

नवी व्यक्ती जोडताना ई-मेलने बोलवावे, दुवा पाठवू नये. दुवा पुढे पाठवला जातो आणि कोणाकडे पोहोचला ते कळत नाही. ट्रेलो या कामांचे फलक मांडण्याच्या ॲपवर सार्वजनिक ठेवलेले फलक शोधयंत्रांत सापडले आणि त्यांत लोकांचे पासवर्डही निघाले, ही २०१८ मधील गोष्ट आहे; त्यात कोणी कुलूप फोडले नव्हते, लोकांनी दार स्वतःच उघडे ठेवले होते.

१०. देवस्थानच्या जत्रोत्सवाची आणि उत्सवी नाटकाची कामे आम्ही एका ॲपवर वाटून घेतो. वर्गणीदारांची नावे आणि फोन त्यातच लिहिले तर बिघडले कुठे?

स्वतःची माहिती द्यायची की नाही हे तोलण्याचा अधिकार तुमचा आहे. इतरांची माहिती तोलण्याचा अधिकार तितका सहज तुमच्याकडे येत नाही, आणि बिघडते ते येथे. "अमुक यांच्याकडून ५,००१ येणे बाकी, तिसऱ्यांदा विचारणे" अशी नोंद वीस सदस्यांच्या फोनवर झळकली, तर त्या गृहस्थांची अडचण गावभर होण्यास वेळ लागत नाही. नावे, क्रमांक आणि रकमा खजिनदाराच्या एकाच नोंदवहीत ठेवाव्यात आणि ॲपमध्ये "पावती क्र. ४२ चा पाठपुरावा" एवढेच लिहावे. नेपथ्य, प्रकाशयोजना, तालमीच्या वेळा, मंडपवाल्याची आगाऊ रक्कम या नोंदी मोकळेपणाने सामायिक कराव्यात. ॲपचा खरा उपयोग तेथेच आहे. उत्सव संपल्यावर सदस्य कमी करावेत आणि यादी मिटवावी.

कायद्याच्या दृष्टीनेही फरक आहे. घरगुती वापराला असलेली सूट (पाहा: प्रश्न १२) समितीच्या कामाला लागू होते असे गृहीत धरू नये.

११. आमचे छोटे पाहुणेघर आहे. पाहुण्यांच्या पासपोर्टचा फोटो त्या-त्या दिवसाच्या कामाला जोडून ठेवतो, म्हणजे फॉर्म सी भरायचा राहत नाही. हे योग्य आहे का?

आठवण योग्य, फोटो अयोग्य. परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांत त्याची माहिती फॉर्म सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी अर्जात भरणे बंधनकारक आहे, त्यामुळे ते विसरणे परवडणारे नाही. पण त्यासाठी "खोली २, फॉर्म सी, आज संध्याकाळी ६ पर्यंत" ही नोंद पुरेशी असते. कागदपत्रे जेथे सादर करायची तेथे करावीत आणि कायद्याने ठेवावी लागणारी नोंद वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावी. कामाला जोडलेला फोटो काम पूर्ण केल्यावर नाहीसा होत नाही. तो पूर्ण झालेल्या कामांत पडून राहतो आणि साफसफाईसाठी यादी दिलेल्या माणसालाही दिसतो. भारतीय पाहुण्यांकडून आधार घेताना शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार मागता येते.

१२. कायदा आपल्या बाजूने आहे का?

तत्त्वतः आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील कंपन्यांवरची बहुतेक बंधने अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होणार आहेत. या कायद्यानुसार माहिती कशासाठी घेतली जाते हे कंपनीने सांगितले पाहिजे, आणि ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत, तेव्हा गोव्यातील वाचकाला "इंग्रजी समजले नाही म्हणून होकार दिला" असे म्हणण्याची वेळ येऊ नये. दिलेली संमती मागे घेता येते. निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने ठेवलेल्या माहितीला कायदा लागू नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, त्यामुळे दहावीच्या मुलाने अभ्यासाच्या यादीसाठी उघडलेल्या खात्यालाही हा नियम लागू पडतो.

१३. कंपनीने कामांचे ॲप सक्तीचे केले आहे आणि ते माझ्याच फोनवर आहे. त्यातच घरची कामे लिहिली तर चालेल का?

लिहू नयेत. कार्यालयाच्या खात्यातील यादी व्यवस्थापकाला पाहता येते असेच धरून चालावे, मग ती "खासगी" असे नाव दिलेली का असेना. नोकरीच्या काही प्रयोजनांसाठी मालकाला संमतीशिवायही माहिती हाताळण्याची मुभा कायद्यात आहे. नोकरी सुटली की खाते बंद होते आणि मुलांच्या लसीकरणाच्या तारखा त्याबरोबर जातात, हा आणखी एक व्यावहारिक तोटा. अनेक अँड्रॉइड फोनवर कार्यालयाची ॲप्स वर्क प्रोफाइलमध्ये वेगळी ठेवता येतात आणि पाळी संपल्यावर तो विभाग बंद करता येतो. कंपनीच्या तंत्रविभागाकडे त्याची मागणी करावी.

१४. ॲपमधील एआय मोठे काम लहान तुकड्यांत तोडून देते. ते वापरावे का?

"पेडण्यातील जुन्या घराचे छप्पर शाकारणे" यासारख्या कामासाठी खुशाल वापरावे. बटण दाबताच नोंदीचा मजकूर अनेकदा ॲपच्या कंपनीकडून दुसऱ्याच एआय कंपनीकडे जातो, म्हणून वारसा हक्क, आजारपण किंवा कोर्टकचेरीच्या नोंदींवर ते दाबू नये. काही ॲप्स ही सोय आपोआप चालू करतात. सेटिंगमध्ये ती बंद करता येते का आणि मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जातो का, या दोनच गोष्टी शोधाव्यात.

१५. ॲप काढून टाकले. आता माझी माहिती गेली ना?

फोनवरून ॲप काढले म्हणजे खाते मिटले असे होत नाही. आधी यादी फाइलच्या रूपात उतरवून घ्यावी, मग खाते मिटवावे आणि शेवटी ॲप काढावे. ॲपमध्ये खाते उघडता येत असेल तर ते मिटवण्याची सोयही ॲपमध्येच असली पाहिजे, असा ॲपलचा नियम जून २०२२ च्या अखेरीपासून आहे, आणि गुगलच्या प्ले स्टोअरचाही तसाच नियम आहे. यादी उतरवून घेण्याची सोय आहे की नाही, हे खाते उघडतानाच पाहावे: वंडरलिस्ट हे लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले, तेव्हा लोकांना आपली यादी दुसरीकडे हलवावी लागली.

१६. वडिलांच्या औषधांची, पेन्शनची आणि जमिनीच्या कागदांची सगळी यादी त्यांच्याच फोनवर आहे. त्यांचे काही बरेवाईट झाले तर ती आम्हाला मिळेल का?

ॲपवर आणि आधी केलेल्या तयारीवर ते अवलंबून आहे. गुगलच्या खात्यात "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" आणि ॲपलमध्ये "लेगसी कॉन्टॅक्ट" अशी सोय आहे, जिच्यात खातेदार स्वतः हयातीत विश्वासाच्या व्यक्तीचे नाव नोंदवतो. २०२३ च्या कायद्यातही मृत्यू किंवा असमर्थतेच्या प्रसंगी आपले अधिकार वापरण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. छोट्या ॲप्समध्ये मात्र असे काही क्वचितच आढळते, आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असेल तर किल्लीशिवाय कुटुंबालाही यादी उघडत नाही (पाहा: प्रश्न ३).

वडील धडधाकट असताना त्यांच्याशी बोलून, औषधे आणि पेन्शन यांची एक वेगळी यादी करून ती तुमच्याशी सामायिक करून घ्यावी, आणि बाकीची यादी त्यांची त्यांच्याकडे राहू द्यावी. जमिनीच्या कागदांच्या बाबतीत ॲपमध्ये फक्त "कागद कपाटातील खालच्या खणात" एवढे असले तरी पुरते.